एसीचं मीटर तासावर पळतं!

मित्रांनो, सुट्टीला गाडी ठरवून नागपूरला निघालं की एक वाद ठरलेला. ड्रायव्हर म्हणतो, "एसी लावला तर ॲव्हरेज पडतं भाऊ!" मागे बसलेले घामाघूम. आपण इंजिनिअर होणार ना? मग हिशोब करू.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे इंधन जाळतोच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानुसार अतिउष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, मायलेज 25 टक्क्यांहून जास्त घटू शकतं. कारण तापलेली गाडी थंड होईपर्यंत एसी पूर्ण ताकदीने चालतो. शिवाय त्याचं मीटर तासावर पळतं. 60 किलोमीटरला ताशी 30 च्या वेगाने दोन तास लागतात, समृद्धी महामार्गावर 120 ने अर्धाच तास! उलट वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि उघड्या काचा त्यात भर घालतात.

म्हणून माझं मत असं. वाशीम गावात काचा उघडा. कारंजाजवळ समृद्धीला लागलात की काचा बंद, एसी चालू. मे महिन्याच्या उन्हात पेंगुळलेल्या ड्रायव्हरच्या जिवावर थोडं डिझेल वाचवणं, याला बचत म्हणायचं का? खरी उधळपट्टी कॉलेजच्या गेटसमोर एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीत आहे. तिथे ॲव्हरेज शून्य! गाडी सावलीत लावा, निघताना आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या.

बघा, पटतंय का!