शेत एका बिंदूत मावत नाही

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. पुढच्या वर्षीच्या सुधारित ॲपमध्ये गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घातले गेले. शेतकरी पिकाचा फोटो काढताना मध्यबिंदूपासून किती दूर उभा आहे हे ते ॲप दाखवू लागले आणि तो गटापासून लांब असेल तर तसा संदेश देऊ लागले. घरी बसून खोट्या नोंदी होऊ नयेत म्हणून ही सोय हवीच होती. पण त्यामुळे ‘मी माझ्या शेतात उभा आहे का’ याचे उत्तर आता डेटाबेस देऊ लागला. याच नोंदीवर पुढे पीकविमा आणि नुकसानभरपाईची कागदपत्रे उभी राहतात. म्हणूनच जागेची माहिती डेटाबेसात कोणत्या प्रकाराने साठवायची, हा विषय एकट्या प्रोग्रामरवर सोडून चालणार नाही.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. वाटण्या होत गेल्या की जमिनीचे लांबट पट्टे पडतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. समजा, मिरचीचा असा एक पट्टा 40 मीटर रुंद आणि 250 मीटर लांब आहे. म्हणजे बरोबर एक हेक्टर. त्याच्या टोकाच्या बांधावर उभा असलेला शेतकरी मध्यबिंदूपासून 125 मीटर लांब असतो. अंतराची मर्यादा 100 मीटर ठेवली, तर स्वतःच्या रानात उभा असूनही तो ‘बाहेर’ ठरेल. उलट 100 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तीन हेक्टरांहून जास्त जमीन मावते. त्यात शेजाऱ्यांची शेते बिनदिक्कत ‘आत’ येतील. मर्यादा कमी-जास्त करून हा दोष जात नाही, कारण शेत बिंदू म्हणून साठवल्यावर त्याचा आकारच हरवलेला असतो. गटाची हद्द बहुभुज म्हणून साठवली, तर अंतर बांधापासून मोजता येते आणि हद्दीच्या आत उभ्या असलेल्या माणसासाठी ते शून्य येते.

दुसरा निर्णय मोजमापाच्या पद्धतीचा. पोस्टग्रेस डेटाबेसची पोस्टजीआयएस ही जोड आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस या दोन्हींत जागेसाठी दोन मुख्य प्रकार आहेत. ‘जिऑमेट्री’ जमीन सपाट कागदासारखी धरते. ‘जिऑग्राफी’ पृथ्वीची वक्रता लक्षात घेऊन अंतर मीटरमध्ये सांगते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे दोन्ही प्रकार 2008 च्या आवृत्तीपासून आहेत. पोस्टजीआयएसमध्ये जिऑग्राफी 2010 साली आली.

अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जिऑमेट्रीत भरले, तर अंतराचे उत्तर अंशांत येते. ‘50 च्या आत’ असे विचारले की 50 मीटरऐवजी 50 अंश धरले जातात, आणि पिंपळगावपासून 50 अंशांत सगळा भारत येतो. म्हणजे तपासणी झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात कुणीच अडत नाही. एका अंशाला सरसकट 111 किलोमीटरने गुणणे हाही उपाय नव्हे. आपल्या भागात उत्तर-दक्षिण अंश जवळपास तेवढा भरतो, पण पूर्व-पश्चिम अंश सुमारे 104 किलोमीटरचाच असतो. एका शेतापुरता हा फरक काही मीटरांचा असेल. पण बाजारापासून 30 किलोमीटरच्या आतली गावे निवडायची झाली, तर पूर्वेकडचे खरे 30 किलोमीटर 32 च्या आसपास दिसतात आणि कडेची गावे यादीतून गळतात.

जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची होती आणि 33 फूट लांब-रुंद चौरसाचा गुंठा आजही आपल्या बोलण्यात आहे. त्या मोजणीत एकक साखळीतच असायचे. डेटाबेसातही ते माहितीच्या प्रकारातच हवे. नंतर कुणी गुणाकार करील या भरवशावर सोडू नये.

जिऑमेट्री मुळात वाईट नाही. जालना जिल्ह्यापुरते काम असेल, तर यूटीएम या सपाट नकाशा-पद्धतीच्या 43 व्या पट्ट्यातले मीटरचे निर्देशांक तिच्यात साठवावेत. हिशेब जलद होतो आणि अचूकही येतो. पण हा पट्टा 78 अंश पूर्व रेखांशावर संपतो. अमरावती त्याच्या अलीकडे, तर वर्धा आणि नागपूर पलीकडे, 44 व्या पट्ट्यात. म्हणून सबंध राज्याच्या कामाला जिऑग्राफीच योग्य.

आणखी दोन गोष्टी काटेकोर पाळाव्यात. पोस्टजीआयएसमध्ये बिंदू तयार करताना आधी रेखांश द्यावा लागतो, मग अक्षांश. एसक्यूएल सर्व्हरच्या जिऑग्राफीत Point फंक्शनने बिंदू करताना याच्या उलट. ही अदलाबदल झाली, तर पिंपळगाव रेणुकाई नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या दक्षिणेकडच्या समुद्रात जाऊन पडते. दुसरे म्हणजे अक्षांश आणि रेखांश दोन साध्या आकड्यांच्या रकान्यांत ठेवून दर वेळी सूत्राने अंतर काढत बसू नये. तसे केले तर एका प्रश्नासाठी राज्यातला एकेक गट तपासावा लागतो. जागेच्या प्रकारावर अवकाशीय इंडेक्स लावला की आसपासचेच गट आधी निवडले जातात आणि नेमके अंतर तेवढ्यांचेच मोजले जाते.

क्रम मात्र विसरू नये. मोकळ्या रानातही मोबाइलचे जीपीएस काही मीटर चुकते. त्यामुळे एका शेताच्या तपासणीत सपाट की वक्र यापेक्षा बिंदू की हद्द हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. गटांचे डिजिटल नकाशे आता महाभूनकाशा या संकेतस्थळावर दिसतात. ते जिथे जमिनीवरच्या खऱ्या हद्दीशी जुळवून झाले आहेत, तिथे मध्यबिंदूवर अडून राहायला कारण उरत नाही.

महसूल खाते, विमा कंपन्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. गट बहुभुज म्हणून साठवा, राज्यभराच्या कामाला जिऑग्राफी वापरा आणि अंतर कुठून मोजले, मर्यादा किती ठेवली हे शेतकऱ्याला मराठीत दाखवा. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ॲपने ‘तुम्ही शेतात नाही’ असे सांगितले, तर ते अंतर कसे काढले हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. तो त्याने जरूर बजावावा.