वहाणांचा जोड कुठं गेला?



आजचं वाचून आमच्याच घरातली दोन-चार माणसं रागावणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. रागवा, पण पूर्ण वाचा आणि मग फोन करा.

विषय साधा आहे. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायात काय असावं, आणि ते कुणी घ्यावं?

आमच्या बेंबळीत गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. माझ्या लहानपणी वडील ओसरीवर बसून साल ठरवायचे, तेव्हा मी खांबाला टेकून ऐकत असे. रोख किती, ज्वारी किती, धोतरजोडी, घोंगडी आणि वहाणांचा एक जोड. वहाणा शिवणारे गावातलेच. ज्याच्या पायात घालायच्या त्याच्याच पायाचं माप घेत. तळ झिजला की नवा तळ ठोकून मिळे. पुढे पुढे टायरचा तळ आला, तो तर वर्षानुवर्षं झिजत नसे.

जुन्या काळाचे गोडवे गायला बसलेलो नाही. ज्यांनी त्या वहाणा शिवल्या, त्यांनाच वाड्यासमोरून जाताना त्या काढून हातात घ्याव्या लागत. मी हे पाहिलेलं आहे. तेव्हा 'आपल्या माणसांना अनवाणी चालायची सवयच आहे' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ही सवय कित्येकांना लावली गेली होती, मंडळी.

पण निदान सालाच्या बोलीत पाय होता. आता बोली होते ती रकमेची, उचलीची, फार तर मोटारसायकलच्या पेट्रोलची. वहाणांचा जोड कधी गळाला ते कुणालाच आठवत नाही. रबरी स्लीपर स्वस्त झाली, आणि ज्याचं पायताण त्यानं बघावं असं होऊन गेलं.

तर झालं असं. २०२२ साली सप्टेंबरअखेर सोयाबीनची काढणी चालू होती. आमच्या सामायिक रानात जो गडी आहे (नाव लिहीत नाही, तो चौथीत माझ्या वर्गात होता आणि अजून मला गुर्जीच म्हणतो), त्याच्या उजव्या पायाला घोणस चावली. पायात स्लीपर. ढिगाखाली पाय गेला आणि जनावर दिसलंच नाही. सरकारी दवाखान्यात वेळेवर लस मिळाली म्हणून वाचला. पण पाय मांडीपर्यंत सुजला, कातडी काळी पडली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. अठरा दिवस तो कॉटवर होता.

मी भेटायला गेलो. त्याच्या कॉटखाली एकच स्लीपर पडलेली होती, दुसरी रानातच राहिली असणार. आणि माझ्या पायात मुलाने पुण्याहून पाठवलेले, मऊ तळाचे, अडीच हजारांचे बूट! सकाळी डांबरी रस्त्यावरून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायला. त्या रस्त्यावर मला काय चावणार होतं? चाळीस वर्षं शाळेत 'श्रमप्रतिष्ठा' शिकवली मी. असो.

हा काही एकट्याचा योग नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, म्हणजे पेरणी, खुरपणी आणि काढणीचे दिवस. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही जनावरं आपल्या रानात आहेत, आणि शेतात दंश होतो तो बहुतेक करून पावलाला नाहीतर घोट्याच्या आसपास. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ सालीच कायदा झाला. रानातल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. सरकारने २०२३ साली शेतकऱ्यांसाठी अपघात अनुदानाची योजना आणली, त्यात सर्पदंशही धरला आहे, मृत्यू झाला तर दोन लाख रुपये. चांगली गोष्ट आहे. पण ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो सालगडी त्यात कुठं बसतो? म्हणजे रान आमचं, अनुदानही आमचं, आणि सोयाबीनच्या ढिगाखाली पाय त्याचा.

मागे २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये दाखवल्या, तेव्हा केवढं रान पेटलं होतं! मलाही राग आला होता. पण आपली चप्पल कुणाच्या पायात गेली यावर भांडणारे आपण, आपल्याच गड्याच्या पायात काय आहे ते कधी वाकून बघत नाही.

आता आमच्या धाकट्या बंधूंचं म्हणणं. "दादा, यांना बूट दिला तरी घालत नाहीत." हे वाक्य मी गावात दहा जणांकडून ऐकलंय. आणि खोटं कशाला बोलू, एक पावसाळाभर मीही तेच म्हणत होतो. कारण गडी बरा होऊन आल्यावर मी धाराशिवहून गमबूट आणले. दुकानदाराने विचारलं, "कितीचा?" मी म्हणालो, "द्या आठ नंबर." दोन दिवस घातले त्याने. तिसऱ्या दिवशी ते गोठ्यातल्या मेढीला उलटे टांगलेले! मी चिडलो. म्हणालो, तुला जिवाची किंमत नाही का रे? तो काही बोलला नाही. बायको म्हणाली, "एकदा तुम्ही घालून चला की काळ्या रानातून."

घालून चाललो. पाच सऱ्या झाल्या नाहीत तोच बूट चिखलात रुतला आणि पाय नुसता बाहेर आला. आत घामाने चिपचिप. आणि मला सैल होणारा तो बूट त्याला पुढे दाबत होता, कारण जन्मभर अनवाणी चाललेल्या पायाची बोटं पसरलेली असतात, पंजा रुंद असतो. नंबर लांबीचा असतो हो, रुंदीचा नसतो! बूट न घालण्यात त्याचा आळस नव्हता, न विचारता आणण्यात माझा शहाणपणा होता.

मग त्यालाच दुकानात घेऊन गेलो, संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय जरा फुगलेला असताना. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. सुती मोजे घालून बूट चढवला. पुढे अंगठ्याएवढी जागा, टाच मात्र घट्ट, नाहीतर चिखल बूट ओढून घेतो. तळाच्या खाचा रुंद आणि मोकळ्या पाहिल्या. बारीक खाचांत काळी माती बसली की एकेका पायाला दोन किलो ओझं होतं. बूट हातात धरून वाकवून पाहिला. पंजापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. हे सगळं मला त्यानेच दाखवलं, गुर्जी नुसते पिशवी धरून उभे!

पावसाळ्यासाठी गमबूट झाला. पण हिवाळ्यात तुरी काढल्यावर जे खुंट राहतात, ते स्लीपर फोडून थेट तळव्यात घुसतात. तिथं घोट्याच्या वर येणारा बूट पाहिजे, ज्याच्या तळात खुंट वर न येऊ देणारा थर असतो. तळ शिवलेला बघा. नुसता चिकटवलेला उन्हाळ्यात तोंड वासतो. कारखान्याच्या बुटांवर आयएस १५२९८ असं मानक छापलेलं असतं, ते पाहून घ्यावं. पुढे लोखंडी टोपी असलेला बूट खोदकामाला, दगडधोंड्याला ठीक, खुरपणीला ते नुसतं ओझं. आणि घालण्याआधी बूट रोज उलटा करून झटकायचा. विंचवाला अंधारी, उबदार जागा आवडते.

बूट म्हणजे चिलखत नव्हे, हे कळतं मला. हाताला चावायचं ते चावतंच, आणि चावल्यावर मांत्रिक नाही, दवाखानाच. पण घोट्याखालचं तरी झाकलं जातं.

खर्च? माझ्या वेळी गमबूट चारशेच्या आत आला, दुसरा बूट आठशेच्या आसपास. म्हणजे फवारणीच्या एका औषधाच्या डब्याएवढा. डबा आणताना आपण पिकाला विचारतो का, "तुला सवय आहे का रे?"

राहिल्या बायका. खुरपायला बायकाच असतात, आणि त्यांचं नाव साल ठरवताना कुणीच घेत नाही, कारण त्या रोजानं येतात. दुकानात गमबूट सहा नंबरापासून वर. त्यांचे पाय चार-पाचचे. शिवाय उकिडवं बसून खुरपताना उंच बुटाची कड गुडघ्यामागे रुतते. एकीने तो विळ्याने घोट्यापर्यंत कापून घेतला आणि दिवसभर घातला! त्या कापलेल्या बुटाला बंधू हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गेल्या पाडव्याला साल ठरलं तेव्हा वही मी माझ्याकडे घेतली. रक्कम, ज्वारी, आणि खाली लिहिलं, 'बुटाचे दोन जोड, माप त्याचं.' बंधू गप्प होते. गडी खाली बघत म्हणाला, "गुर्जी, मोजे बी लिवा." लिहिले.

पाच नंबरचे, घोट्याएवढे गमबूट लातूर-सोलापूरकडे कुठं मिळत असतील तर कळवा. चार जोड हवे आहेत, मृगाच्या आधी.