कुळागर ते भाटी

बागा नि वाइनरी बघायला नाशिकलाच कशाला जायला हवं? आमचा ग्रुप मार्चअखेरीस सकाळी फोंड्याच्या एका कुळागरात नि दुपारी सत्तरीतल्या काजूच्या भाटीवर गेला. कुळागरात पोफळीवर मिरवेल चढलेली, खाली केळी, मधून झरीच्या पाण्याचा पाट. भाटीवर बोंडं तुडवून काढलेला रस आंबवतात. पहिल्या धारेची हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. आम्ही नुसता गोड नीरो प्यायलो, तोही झक्कास!

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, फेणी मात्र आपली. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन काही डोंगरावर बोंडं वेचायला येत नाही, पोफळीवर चढतही नाही. त्याला माणसं लागतात, नि त्यांना मजुरी.

आपण मात्र फोटो फुकट काढतो आणि मिऱ्यांच्या पुडीसाठी दहा रुपयांची घासाघीस करतो! माझं म्हणणं एवढंच: जा, पण घरची मिरी, सुपारी, कोकम तिथूनच रास्त भावात घ्या. कुळागर राखणं परवडलं नाही, तर मालक ते विकणारच. मग आपण बघायला काय जाणार, प्लॉट?