दर ठरतानाच विम्याचं बोला

देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात घराचं काम ठरतं ते बहुधा चौरस फुटाच्या दरावर. लेबर ठेका की मटेरियलसह, सेंट्रिंग कोणाचं, पाणी कोण मारणार, हे सगळं बोलून होतं. काम करताना माणूस पडला तर काय, हे मात्र कोणी बोलत नाही. घरासमोरून अकरा हजार व्होल्टची लाईन जात असेल आणि वर सळई चढवायची असेल, तरी नाही.

विम्याला नकार देणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं हलकं नाही. चार मिस्त्री आणि सहा बिगारी घेऊन तो काम करतो, त्यातला आजचा माणूस उद्या दुसऱ्या साइटवर असतो. पावसाळ्यात कामं थंडावतात, पण हप्ता आधीच भरलेला असतो, वर 18 टक्के जीएसटी. तेवढा दर वाढवला तर घरमालक दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. शिवाय सरकारी आधार आहेच, असं तो म्हणतो. तेही खरं आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला कामगार कामावर मरण पावला, तर वारसांना 5 लाख मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूचे 2 लाख आहेत.

पण या रकमांनी ठेकेदाराचं देणं फिटत नाही. कामगाराची नुकसानभरपाई त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाने, म्हणजे इथे ठेकेदाराने द्यायची, हे 1923 च्या कायद्याने ठरवलं आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवलं. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम, गुणिले वयानुसार ठरलेला अंक. हिशेबात धरायच्या मजुरीची मर्यादा केंद्राने जानेवारी 2020 मध्ये 15,000 रुपये केली. तीस वर्षांच्या गवंड्यासाठी तो अंक 207.98 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. त्याने बेल्ट लावला नव्हता ही सबब मृत्यूच्या प्रकरणात चालत नाही. आणि आपल्याकडे जे सर्रास होतं, चार माणसं बसवून स्टॅम्पपेपरवर आपसात मिटवणं, तेही कायद्यात टिकत नाही. मृत्यूची भरपाई ती ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत.

म्हणून माझ्या मते कामगार भरपाईची पॉलिसी पहिली, बाकी सगळ्या नंतर. माणसं बदलतात ही अडचण तिच्यात सुटू शकते, कारण नावं न देता कामाचा प्रकार, माणसांची संख्या आणि एकूण मजुरी कळवून ती घेता येते. अडतं ते दुसरीकडे. हप्ता वाचवायला मजुरी कमी दाखवली जाते, हजेरी वही नसते आणि दावा लागला की तीच मागतात. त्याहून मोठी गफलत सेंट्रिंगवाल्याची. त्याची टोळी वेगळी, हिशेब वेगळा, म्हणून मुख्य ठेकेदार ती आपली धरत नाही. कायदा मात्र धरतो: ठेकेदाराने आपलं काम पोटठेकेदाराला दिलं, तरी त्याच्या मजुराला भरपाई मुख्य ठेकेदाराकडे मागता येते, मग त्याने ती पोटठेकेदाराकडून वसूल करावी. पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत लिहून घेतलेली नसतील, तर स्लॅबच्या दिवशी वर चढलेल्या कित्येकांना तिचा उपयोग नाही.

बांधकामाच्या सर्व जोखमींची पॉलिसी चालू कामाचं नुकसान आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला झालेली इजा, दोन्ही घेते. दाट वस्तीत जुन्या भिंतीला लागून खोदकाम असेल, तर ती घ्यावीच. मोकळ्या प्लॉटवरच्या एकमजली घराला ती जड वाटली, तर मी दोष देणार नाही. पण तिच्याकडून नको ती आशा धरू नये. प्रवरेकाठची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिचा विचार न करता पाया आखला आणि भिंत तडकली, तर ती आराखड्यातली चूक ठरते, आणि तसलं नुकसान या पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं. मिक्सर-लिफ्टचा विमा ज्याची यंत्रं स्वतःची त्याने बघावा. एकट्या वायरमन किंवा प्लंबरला स्वतःचा अपघात विमा अधिक गरजेचा, कारण तो पडला तर त्याला भरपाई देणारा मालकच नसतो.

मग कामगार भरपाईच्या पॉलिसीची सक्ती करावी का? ब्रिटनने 1969 च्या कायद्याने मालकांवर असा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे नुसती सक्ती केली तर परवानगीच्या फाइलला आणखी एक कागद जोडला जाईल, महिन्याभराची पॉलिसी काढून काम वर्षभर चालेल, ही भीती मला रास्त वाटते. तरीही देवळाली प्रवरा नगरपरिषदेने बांधकाम परवानगी देताना दोन मजली आणि त्यावरच्या घरांपुरती ही पॉलिसी मागून बघावी, मुदत काम संपेपर्यंतची आणि पोटठेकेदाराच्या माणसांसह. तिचा हप्ता चौरस फुटाच्या दरात न लपवता करारात वेगळा लिहावा आणि घरमालकाने भरावा. सगळ्याच ठेकेदारांना तो लावावा लागला, तर विमा काढणाऱ्याचा दर शेजारच्यापेक्षा महाग ठरणार नाही.