आधी धरण, मग ड्रॅगन

‘सायबरपंकनं आपला काळ आधीच सांगून ठेवला होता’ हे वाक्य ऐकून आता कान किटले. बलाढ्य कंपन्या, पाळत, बोलणारी यंत्रं... सगळं म्हणे विल्यम गिब्सनच्या १९८४ सालच्या ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये आहे. लेखक द्रष्टा, वाचक खूश, विषय संपला!

माझा आक्षेप या कौतुकालाच आहे. शाळेत असताना आवडलेली ही पुस्तकं पुन्हा वाचायची, तर भाकितांचे मार्क देत बसण्यात काय हशील? त्यांनी नजर कुठून वळवली ते बघा. मावळात राहून वाचलं की ते लख्ख दिसतं.

शाळेत माझा जीव होता ‘शॅडोरन’वर. मूळचा हा १९८९चा, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. मग त्याच्या कादंबऱ्या आल्या. रॉबर्ट शॅरेटची ‘नेव्हर डील विथ अ ड्रॅगन’ १९९०ची. सायबरपंकमध्ये जादू, एल्फ आणि एका अवाढव्य कंपनीचा मालक असलेला ड्रॅगन. सोळाव्या वर्षी आणखी काय हवं?

आता वाचताना मी या जगाच्या पूर्वेतिहासापाशी अडकतो. कंपन्यांना खनिजं हवी असतात, म्हणून अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या जमिनी बळकावल्या जातात, माणसं छावण्यांत कोंडली जातात. मग ती जादूच्या नृत्यानं ज्वालामुखी जागे करतात आणि सरकारला तह करायला लावतात. एवढं घडतं आणि कथा मात्र सिएटलच्या निऑन गल्ल्यांत जाऊन बसते. विस्थापितांचा संताप उरतो तो नेपथ्यापुरता.

हीच गोष्ट जादू वजा करून आपल्याकडे घडली आहे. वळवण, शिरोता, लोणावळा ही तळी टाटांच्या वीज प्रकल्पाची. त्यांचं पाणी घाटाखाली सोडून १९१५मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. शेजारच्या मुळशीत १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. ९ ऑगस्ट २०११ला पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेली. ‘शॅडोरन’च्या कालक्रमात जगात जादू परतते ती डिसेंबर २०११मध्ये. मावळसाठी चार महिने उशिरा.

‘अरे, ही करमणूक आहे, तिच्यात धरण कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण करमणूकच तर शिकवते कुठे बघायचं आणि कुठे नाही. ‘न्यूरोमॅन्सर’चा नायक केस शरीराला निव्वळ मांस समजतो, त्याला नेटवर्कमध्ये तरंगायचं असतं. ते नेटवर्क कुणाच्या पाण्यावर चालतं, हा त्याचा प्रश्नच नाही. तो आपलाही नसतो. हातातला फोन एआयला काही विचारतो तेव्हा कुठेतरी सर्व्हर तापतात, त्यांना वीज लागते, थंड करायला बऱ्याचदा पाणीही लागतं. आपण त्याला ‘क्लाउड’ म्हणतो, जणू ते आकाशातून फुकट पडतं.

२०२२मध्ये तळेगावात येणार म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प गुजरातला गेला. गदारोळ झाला तो प्रकल्प कुणी पळवला यावर. चिप बनवायला अतिशुद्ध पाणी अफाट लागतं, ते कुणाच्या वाटचं आलं असतं, हे विचारणारा आवाज मला तरी फारसा ऐकू आला नाही.

म्हणून मराठीत सायबरपंक लिहू पाहणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. विचार करणारं यंत्र मराठीला नवं नाही. नारळीकरांनी ते ‘वामन परत न आला’मध्ये कधीच आणलं. आता हिंजवडीला टोकियोचे दिवे लावून भागणार नाही. घाटातल्या पाइपच्या वरच्या टोकाला उभे राहा. तिथून शहराचा झगमगाट दिसतो, आणि त्याचं बिल कुणी भरलं तेही.

ड्रॅगन मला आजही आवडतो. पुढची कादंबरी मात्र त्यानं ज्याच्या शेतावर घरटं बांधलं, त्या माणसाची हवी.