गोगलगायीचा मूक इशारा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा समाजमन हेलावले. परंतु तेच विष पावसासरशी ओढ्या-तळ्यांत उतरते. तेथील संहाराची नोंद कोण घेणार?

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. हे विकर किडीत आहे, तसेच ते गोड्या पाण्यातील गोगलगायीत आणि माणसातही आहे. मात्रा मारक नसली तरी गोगलगायीचे खाणे मंदावते, अंडी घटतात. शेवाळ व कुजका पाला खाऊन तळे स्वच्छ राखणारा आणि मुग्धबलाक पक्ष्याचे पोट भरणारा हा जीव संपला, तर जलसृष्टीची साखळीच तुटते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एन्डोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर रोखला. पण एक विष गेले की दुसरे येते. दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. त्याला सल्ला कृषी खात्याऐवजी दुकानदाराकडून मिळतो, हे शासनाचे अपयश आहे. किडीने नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी, निंबोळी अर्काला प्राधान्य आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा, एवढे पथ्य जलाला देवता मानणाऱ्या समाजाने पाळलेच पाहिजे. तळे निर्विष, तरच गाव निरामय!