यादीत नसलेली गल्ली



एप्रिलमध्ये माझी भाची दोन दिवस दिलसुखनगरला आमच्याकडे राहायला आली होती. मे महिन्यात ती आणि तिचा नवरा युरोपला निघाले होते. जेवणं झाल्यावर तिने मोबाइलवर एक यादी दाखवली, जगातल्या सुंदर गल्ल्यांची. पॅरिसची र्यू क्रेमिय, डुब्रोव्हनिकची स्त्रादुन, क्योटोचं गिओन, सॅन फ्रान्सिस्कोची लोंबार्ड स्ट्रीट. त्यातल्या दोन या सहलीत होणार होत्या, उरलेल्या पुढे कधीतरी.

मी सहज विचारलं, "लाडबाजार पाहिलायस का गं?"

"पाहिलाय ना मावशी, कारमधून."

म्हणजे पाहिलेला नाही, कारण लाडबाजार कारमधून दिसत नाही. जन्म हैदराबादचा, शिक्षण हैदराबादचं, नोकरी गच्चीबावलीला, आणि लाडबाजार कारमधून! मी काही बोलले नाही, कारण तिच्या वयाची असताना मीही फार वेगळी नव्हते. पण त्या यादीवरून आमच्या पुष्कळ गप्पा झाल्या. त्याच आज तुम्हाला सांगते.

यादीतल्या गल्ल्या बघताना एक गोष्ट लक्षात आली. यातली एकही गल्ली फोटोसाठी सुंदर केलेली नव्हती. लोंबार्ड स्ट्रीटचंच बघा. तिथला उतार जवळजवळ २७ टक्के, गाड्यांना उतरणं अवघड. म्हणून १९२२ मध्ये त्या एका तुकड्यात आठ वळणं काढली. तेव्हाची गरज होती गाडी सुखरूप खाली आणण्याची. स्त्रादुनवरची घरं सगळी एकसारखी का? १६६७ च्या भूकंपात डुब्रोव्हनिक कोसळलं आणि पुन्हा बांधताना सगळ्यांना एकाच नमुन्याची घरं बांधायला लावली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानाचं दार आणि माल द्यायची खिडकी एकाच कमानीत. र्यू क्रेमियवरची लहान घरं मूळची कामगारांसाठी बांधलेली. तिथल्या रहिवाशांनी ती पुढे फिकट गुलाबी, निळी, पिवळी रंगवली, ती स्वतःच्या हौसेने.

म्हणजे या गल्ल्या आधी राहणाऱ्यांच्या होत्या, बघणारे नंतर आले. आता बघणारे इतके झालेत की राहणाऱ्यांना जागा उरत नाही. र्यू क्रेमियच्या रहिवाशांनी २०१९ मध्ये पॅरिसच्या पालिकेकडे मागणी केली की संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गल्लीला फाटक लावून ती बंद करा. दारात कुणीतरी नाचतंय, उंबऱ्यावर कुणीतरी फोटोसाठी बसलंय, आणि घरातल्याला दूध आणायला बाहेर पडायचंय! क्योटोत गिओनच्या खासगी गल्ल्यांमध्ये पर्यटकांना आता मज्जाव आहे, दंड १० हजार येन. डुब्रोव्हनिकच्या कोटाच्या आत १९९१ च्या सुमारास ५ हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आज फार तर त्यांतली एक तृतीयांश उरलीत. बाकीची घरं पाहुण्यांना भाड्याने दिलेली.

"मग जाऊच नये का?" भाचीने विचारलं.

जावं की! पण कुणाच्या तरी दारात चाललोय, हे लक्षात ठेवून जावं.

यासाठी युरोपपर्यंत जायचीही गरज नाही. पणजीचं फोंतेन्हास आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आल्तिनो टेकडी आणि ओरें खाडी यांच्या मधली ती लाल, पिवळी, निळी घरं. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घराला रंग देण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग फक्त चर्चला, असं तिथे सांगतात. आज तिथल्या कितीतरी घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या आहेत. मुंबईत गिरगावातली खोताची वाडी आठवा. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोत यांच्या नावाची ही वाडी, आणि त्यांच्याकडून जागा घेऊन घरं बांधणारी बरीचशी ईस्ट इंडियन कुटुंबं, म्हणजे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक. लाकडी जिने, उघडे व्हरांडे, दारात क्रूस. तिथे एके काळी ६५ च्या आसपास घरं होती, आज निम्मीसुद्धा नाहीत. टॉवरवाल्याने चांगली किंमत दिली की कुणाला नाही म्हणवतं? खालच्या गल्लीत बाहेरून आलेली मंडळी फोटो काढतात, "किती सुंदर, हे जपायला हवं" म्हणतात. छपराची कौलं बदलायचा खर्च मात्र घरातल्यालाच करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाचीला म्हटलं, चल, तुझ्या यादीची रंगीत तालीम करू.

दिलसुखनगरहून मेट्रोने एमजीबीएसला उतरलो आणि रिक्षाने मदिना चौकात. तिथून चारमिनारपर्यंत पायी चालायचं, हा माझा नियम. कारण वाटेत पत्थरगट्टी लागते. दोन्ही बाजूंना दगडी कमानींची एकसारखी रांग, खाली दुकानं, वर मजला. १९०८ च्या सप्टेंबरमध्ये मुसीला महापूर आला आणि शहराची दैना झाली. त्यानंतर १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ नेमलं गेलं, आणि या कमानी त्याच मंडळाच्या कामातून उभ्या राहिल्या. भाची एकदम थांबली. "मावशी, हे स्त्रादुनसारखंच की! संकट आलं, मग एकसारखी दुकानं." अगदी तसंच. फरक इतकाच की आपल्या कमानींवर फ्लेक्स लावलेत, त्यामुळे मान वर केल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

पुढे चार कमान, गुलजार हौज, आणि मग १५९१ पासून उभा असलेला चारमिनार. त्याच्याभोवती आता गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे निवांत उभं राहता येतं. पश्चिमेला वळलं की लाडबाजार. सुमारे किलोमीटरभराची ही गल्ली बांगड्यांनी इतकी लखलखते की भर दुपारीही दिवे लावलेले असतात.

एका लहान दुकानात कारागीर काम करत बसला होता. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, लांब वळी करायची, गोल वळवून जोडायची आणि गरम आहे तोवर एकेक खडा दाबून बसवायचा. लाख गार झाली की खडा बसत नाही, म्हणून हात थांबवता येत नाही. भाचीने मोबाइल काढला, मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने आधी विचारलं, "फोटो लूं भैया?" तो हसला. "लेव ना. फोटो सब लोगां लेते, जोड़ा लेने वाले कम हो गए."

हैदराबादच्या या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाने चूल पेटत नाही, बांगड्या विकल्या गेल्या तर पेटते. भाचीने दोन जोड घेतले, एक स्वतःला आणि एक सासूबाईंना. मग इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं, आणि घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत एक फेरी.

परत येताना एमजीबीएसला हिरव्या मार्गाची गाडी धरली आणि पुढच्याच सुलतान बाजार स्टेशनवर उतरलो. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार. इथे इंग्रज रेसिडेंटचा अंमल चाले, निजामाचा नाही. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. जवळच इसामिया बाजारात १९२२ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय, जांबागेत १९०७ ची विवेक वर्धिनी. आपल्या आजी-आजोबांचं निम्मं आयुष्य याच दोन-तीन किलोमीटरांत गेलं.

माझं आणि माझ्या बहिणीचं, म्हणजे भाचीच्या आईचं, आजोळ इथल्याच एका गल्लीत होतं. खाली कापडाचं दुकान, वर तीन बिऱ्हाडं, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. समोरच्या तेलुगू काकू गॅलरीतूनच आजीशी बोलायच्या, आजी मराठीत आणि त्या तेलुगूत, आणि दोघींचं भांडणसुद्धा नीट व्हायचं! मामेभाऊ पुण्याला आणि बेंगळुरूला गेले, घर विकलं. आता तिथे गोदाम आहे, शटर बंद होतं.

भाची म्हणाली, "जुना फोटो दाखव ना."

घरी येऊन मी चार अल्बम काढले. बहिणीला फोन करून तिचेही शोधायला लावले. बारशी, मुंजी, लग्नं, सत्यनारायण, सगळ्यांचे चेहरे आहेत. गल्ली मात्र एकाच फोटोत सापडली. मामा नवीन स्कूटरवर बसलाय आणि त्याच्या मागे अर्धं दार, कठड्याचा एक कोपरा आणि समोरच्या काकूंच्या साडीचा पदर. एवढंच. रोल महाग होता, रस्त्यावर कोण वाया घालवणार? आणि गल्ली कुठे जाणार होती?

भाचीने त्या फोटोचा फोटो काढून घेतला. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात तिचा डुब्रोव्हनिकहून निरोप आला. फोटो स्त्रादुनचा नव्हता, मागच्या एका चिंचोळ्या गल्लीचा होता. वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर कपडे वाळत घातलेले. खाली लिहिलं होतं, "मावशी, इथे अजून कुणीतरी राहतंय."

तरुण मंडळींनो, सुट्टीत जरूर जग बघा. गेलात की आधी विचारून फोटो काढा, कुणाच्या पायरीवर बसू नका, आवाज बेताचा ठेवा, आणि त्या गल्लीतल्या माणसाकडून काहीतरी विकत घ्या, निदान एक कप कॉफी. आणि निघण्याआधी एक रविवार पत्थरगट्टी, लाडबाजार आणि सुलतान बाजारसाठी काढा. सकाळी १० नंतर निघा, कारण जुन्या शहरातली दुकानं उशिरा उघडतात.

दुसरं काम त्याहून सोपं. तुम्ही आज जिथे राहता त्या गल्लीचा फोटो काढा. आमच्या दिलसुखनगरची गल्ली कुठल्याही यादीत येणार नाही. कोचिंग क्लासच्या पाट्या, हॉस्टेलं, इडलीची बंडी, डोक्यावर वायरींचं जाळं. पण २१ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी इथल्याच मोठ्या रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले, माणसं गेली, आणि तरीही त्याच रस्त्यावर बंड्या पुन्हा लागल्या, मुलं पुन्हा क्लासला आली. ते मी पाहिलंय. म्हणून मागच्या आठवड्यात मी गॅलरीत उभी राहून आमच्या गल्लीचे सहा फोटो काढले. बंडीवाल्याला विचारून त्याचाही काढला. तो म्हणाला, "अम्मा, थोडं थांबा," आणि केस नीट करून आला.

तुमच्या गल्लीचा एक फोटो आणि त्याखाली चार ओळी आपल्या मासिकाकडे पाठवा. फोटोत कोण आहे, तेही लिहा. पुढच्या अंकात छापू.

भेटूया पुढच्या महिन्यात!